टायर उतरवून आतून बघा: जुना, मार लागलेला टायर चालवायचा की काढायचा

मागच्या महिन्यात माझा भाचा डिकीत एक टायर टाकून दुकानात आला. जुन्या मालाच्या एका गोडाऊनमधून अकराशे रुपयांना आणलेला. स्विफ्टचा, १६५/८० आर १४. "मामा, बघा की जरा. नक्षी अजून निम्मी हाय. नवा घ्यायचा म्हटलं तर साडेचार हजार जातात." टायर काळाभोर, चकाकणारा. साईडवर एक बारीकसा काप होता, तेवढ्यासाठीच त्याला माझं मत हवं होतं.

उंब्रजला हायवेच्या कडेला माझं टायरचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय. "एवढं बघा, चालंल का अजून?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा तरी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं की त्याला "चालंल" हेच ऐकायचंय. पैसे वाचवायची गरज मला कळते. जुना टायर घेणं वाईट, असंही मी म्हणत नाही. चांगला जुना टायर मी स्वतः विकतो. पण तो चांगला आहे हे ठरवायची एक पद्धत आहे. त्या दिवशी भाच्याला शेजारी बसवून ती दाखवली, तीच इथं लिहितो.

आधी धुवा

मळका किंवा पॉलिश मारलेला टायर बघण्यात अर्थ नाही. काळं पॉलिश बारीक तडे झाकतं, आणि दहा वर्षांचा टायरही कालचा वाटायला लागतो. बादलीभर पाणी, कपड्याचा साबण आणि घासणी, एवढं पुरतं. भाच्याचा टायर घासला तसं काळं पाणी वाहून गेलं आणि खालून तपकिरी रबर निघालं. तपकिरी रंगाला घाबरू नका. रबराला ओझोनपासून जपणारं रसायन त्यात मिसळलेलं असतं, ते वर आलं की असा रंग येतो. तो दोष नव्हे. पण त्या तपकिरी रंगात आता केसासारख्या रेघा दिसत होत्या, ज्या मघाशी नव्हत्या.

मग तारीख बघायची. साईडवर, बहुतेक लंबगोल चौकटीत, चार अंक असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. भाच्याच्या टायरवर ३२१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. हे अंक कधीकधी एकाच बाजूला असतात. चाक गाडीला असेल आणि बाहेरून दिसले नाहीत तर वाकून आतल्या बाजूला बघा. चारऐवजी तीनच अंक असतील तर तो टायर सन २००० च्या आधीचा. त्याचं पुढं काही तपासायचंच नाही.

किती वर्षं चालवावा? पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढा, असं काही टायर कंपन्याच सांगतात. काही कार कंपन्या सहा वर्षांवरच थांबवतात. आपल्याकडं गाडी दिवसभर उन्हात उभी असते, म्हणून मी सहाच धरतो. स्टेपनीलाही हाच नियम. न वापरलेला टायर नवा राहतो असं लोकांना वाटतं. उलट टायर फिरत राहिला तर ते जपणारं रसायन पृष्ठभागावर येत राहतं. नुसता पडून राहिलेला लवकर तडकतो.

नक्षी खरी आहे का?

कारच्या टायरला कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, दुचाकीला ०.८. नव्या कारच्या टायरला साधारण ८ मिलिमीटर असते. मोजायचं यंत्र नसलं तर अगरबत्तीची काडी खाचेत उभी धरा, टायरच्या माथ्याशी नखानं खूण करा आणि शाळेच्या पट्टीवर मोजा. तीन ठिकाणी मोजा: मध्ये आणि दोन्ही कडांना. शिवाय साईडच्या वरच्या काठावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं दिसतील. त्या रेषेत खाचेच्या तळाशी आडवा रबरी उंबरा असतो. नक्षी झिजून त्या उंबऱ्याला टेकली की टायरचं आयुष्य संपलं. आणि १.६ ही कायद्याची हद्द आहे, पावसाची नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या नक्षीला खाचेतून पाणी बाहेर टाकणं जड जातं. आमच्या भागात पाटणकडं, कोयनेकडं जो पाऊस पडतो त्यात मी ३ लाच टायर बदलायला सांगतो.

जुन्या टायरच्या धंद्यातली एक वाईट चाल इथं सांगायलाच हवी. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापवलेल्या पात्यानं पुन्हा खाचा कोरतात. कटिंग मारलेला टायर म्हणतात त्याला. लांबून नक्षी भरगच्च दिसते, पण ती कोरताना खालच्या तारांवरचं रबरच काढलेलं असतं. ओळखायची खूण अशी: कारखान्यातल्या खाचेचा तळ गुळगुळीत आणि कडा एकसारख्या असतात, कोरलेल्या खाचेत पात्याचे ओरखडे लागतात. आडवे उंबरे कापले गेलेले असतात किंवा गायब असतात. नक्षीच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा झिजून गेलेल्या असताना मोठ्या खाचा मात्र खोल, हे कधीच जुळत नाही. काही ट्रकच्या टायरांत कोरण्यासाठी जादा रबर दिलेलंच असतं आणि तसं त्यांच्या साईडवर छापलेलं असतं. कारच्या टायरला तसं काही नसतं. कटिंग मारलेला कारचा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

झीज कुठं आहे त्यावरून टायरचा इतिहास कळतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवून चालवलाय, मध्ये झिजला तर हवा जास्त होती, एकच कड गेली तर अलाइनमेंट बिघडलेली, जागोजागी खळगे पडले तर शॉकॅब्सॉर्बर संपलेले. यातला पहिला प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. कमी हवेत चाललेला टायर आतून भाजलेला असण्याची शक्यता मोठी.

मार कुठं लागलाय?

खिळा, काप, पंक्चर यांचा निर्णय आकारापेक्षा जागेवर अवलंबून असतो. टायरचा जो पट्टा रस्त्याला टेकतो त्याच्या मधल्या भागात पोलादी तारांचे थर असतात. तिथं पंक्चर झालं आणि भोक ६ मिलिमीटरपर्यंत असलं, म्हणजे पेन्सिलीपेक्षा जरा बारीक, तर ते नीट दुरुस्त होतं. कडेच्या वळणावर, जिथं पट्टा संपून साईड सुरू होते, तिथं होत नाही. साईडवर तर नाहीच. तो भाग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. तिथं लावलेला पॅच आज ना उद्या सुटतोच.

आणि नीट दुरुस्ती म्हणजे काय? बाहेरून सुईनं रबराची चिकट स्ट्रिप खुपसली, हवा भरली, दहा मिनिटांत मोकळे: ही रस्त्यावरची सोय आहे. घरापर्यंत, दुकानापर्यंत पोचायला उत्तम. पण स्ट्रिप मारताना टायरच्या आत काय झालंय ते कुणी बघितलेलंच नसतं. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर उतरवायचा, भोक रीमरनं साफ करायचं, आतून घासायचं, सोल्युशन लावून ते पूर्ण वाळू द्यायचं आणि मग मशरूम पॅच: त्याची दांडी भोकात बसते आणि टोपी आतून चिकटते. वरून रोलर दाबून फिरवायचा. माझ्याकडं स्ट्रिपचे शंभर, मशरूमचे तीनशे. लोक शंभरवालं मागतात. मी दोन्हीतला फरक सांगतो आणि शक्यतो दुसरंच करायला लावतो.

जुना टायर घेताना आधीचे पॅच मोजा. लांब लांब असलेले दोन व्यवस्थित पॅच चालतील. दोन पॅच एकमेकांवर चढलेले असतील तर टायर परत करा. आत वाळलेलं पांढरं-हिरवं जेल चिकटलेलं असेल तर मालकानं पंक्चरवर औषध ओतून वेळ काढलाय. ते सगळं पुसून काढल्याशिवाय खालची भोकं कळत नाहीत.

नक्षीतला काप दुसऱ्या पद्धतीनं बघायचा. बोथट टोकाची दाभण त्यात हलकेच घालून तळ चाचपा. नुसतं रबर लागलं आणि काप उथळ असला तर चिंता नाही. टोक धातूला टेकलं किंवा तार दिसली तर टायर बाद. तारेपर्यंत पाणी गेलं की तार गंजते, गंजलेल्या तारेपासून रबर सुटतं आणि मग वेगात असताना सगळा पट्टाच सोलून निघतो. हायवेच्या कडेला टायरच्या लांबलचक पट्ट्या पडलेल्या तुम्ही बघितल्या असतील. त्यातल्या पुष्कळ अशाच सुटलेल्या असतात.

साईडवरचा काप असेल तर टायरवर गुडघा देऊन तो भाग वाकवा म्हणजे कापाचं तोंड उघडतं. आत धागे दिसले, एक जरी दिसला, तरी संपलं. धागे दिसत नाहीत, फक्त वरची कातडी खरचटली आहे, असं असेल तर तो काप बाद करण्यासारखा नाही. भाच्याच्या टायरचा काप असाच होता, वरवरचा. तो खूश झाला. मी म्हटलं, "थांब जरा. अजून बघायचंय."

फुगा

साईडला फुगा आला की त्यावर उपाय नाही. हे मी एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो, पण लोकांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो. टायरमधल्या हवेचा जोर रबर पेलत नाही, रबराच्या आतले धागे पेलतात. कारच्या टायरमध्ये हे पॉलिस्टरचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उभे गेलेले असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की साईड रिम आणि खड्ड्याची कड यांच्या चिमटीत सापडते आणि धागे तुटतात. बाहेर ओरखडाही दिसत नाही. मग हवा तुटलेल्या जागेतून शिरून वरच्या रबराला ढकलते, तोच फुगा. म्हणजे त्या जागी तीस पौंडांचा दाब आता नुसत्या रबराच्या कातड्यावर आहे. तो चार महिने टिकेल किंवा चार किलोमीटर. हवा कमी करून फुगा बसला, आता बरा झाला, असं समजणारे भेटतात. धागे पुन्हा जुळत नाहीत.

मात्र साईडवर आत दबलेली उभी पट्टी दिसली, बोटानं चाचपल्यावर हलका खळगा लागला, तर घाबरून टायर फेकू नका. आतला धाग्यांचा थर जिथं एकावर एक जोडलेला असतो तिथं तो दुप्पट जाड होतो, आणि हवा भरली की शेजारचा भाग जरा जास्त ताणला जाऊन ती जागा खोलगट दिसते. बाहेर आलं तर वाईट, आत दबलं तर बहुतेक वेळा निर्धोक. हा फरक ठाऊक नसल्यामुळं कित्येक चांगले टायर भंगारात गेलेले मी बघितलेत.

या बाबतीत मी इतका कडक का, तेही सांगतो. दुकान टाकून चारेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मे महिना, लग्नसराई. वऱ्हाडाची एक जीप आली. मागच्या टायरला साईडवर दोन बोटं लांब काप, आतले धागे उघडे. स्टेपनी आधीच पंक्चर. मालक म्हणाला, "गेटर टाक, ट्यूब घाल, पुण्यापर्यंत जाऊ दे." गेटर म्हणजे जुन्या टायरचा कापलेला तुकडा, कापाच्या आत ठेवायचा म्हणजे ट्यूब बाहेर येत नाही. मी टाकला. साठ रुपये घेतले. सुरूरच्या पुढं टायर फुटला, जीप रस्ता सोडून शेतात उतरली. माणसं वाचली. एका आजीचा हात खांद्यापासून मोडला. तिसऱ्या दिवशी मी साताऱ्याला दवाखान्यात जाऊन त्यांना भेटलो. त्यांनी मला काही बोल लावला नाही. उलट म्हणाल्या, "तुझं काय चुकलं लेकरा, टायरच जुना." पण चूक माझीच होती, कारण ते धागे मी डोळ्यांनी बघितले होते. त्या दिवसापासून साईडला गेटर टाकत नाही. कुणी भांडून गेलं तरी नाही.

तडे

साईडवर आणि नक्षीच्या खाचेत बारीक तडे पडणं हे म्हातारपण आहे. नखाला न लागणारे, जाळीसारखे वरवरचे तडे असतील आणि टायर पाच वर्षांच्या आतला असेल तर लक्ष ठेवून चालवा. नखाचं टोक अडकलं, किंवा साईड वाकवल्यावर तडा उघडून आत खोल गेलेला दिसला, तर काढा. रिमला चिकटणाऱ्या कडेवर, बीडवर, तडा किंवा तुटका भाग असेल तर अजिबात घेऊ नका. तिथल्या पोलादी तारेवरच टायर रिमला धरून असतो.

आता उतरवा

वयानं भाच्याचा टायर माझ्या हिशेबी आधीच बाद होता, पण ते सोडलं तर इथपर्यंत तो कसाबसा तग धरून होता. तडे बारीक, नक्षी ४ मिलिमीटर, काप वरवरचा. बाहेरून बघून कुणीही "चालवा सावकाश" म्हणालं असतं. पण बाहेरून दिसतो तो टायरचा निम्माच भाग. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते केरळचे होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घाटाच्या पायथ्याला त्यांची छोटी टपरी होती. गिऱ्हाइकाला कितीही घाई असो, उतरवलेल्या प्रत्येक टायरच्या आत ते बॅटरीचा झोत टाकायचे आणि मग कापसाचा बोळा गोल फिरवायचे. मला वाटायचं धूळ पुसतायत. कापूस जिथं अडकला तिथं ते थांबायचे. तुटलेली तार किंवा खिळ्याचं टोक डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचे तंतू त्याला धरतात. उघडा हात आत फिरवू नका, तार बोटात शिरते. कापूस नसेल तर जुनं बनियन चालतं.

बॅटरी सरळ धरायची नाही, तिरपी धरायची. तिरप्या उजेडात सुरकुत्या आणि खळगे सावली टाकतात. टायरचा सगळ्यात आतला थर हवा धरून ठेवणारा असतो. चांगल्या टायरमध्ये तो सपाट, एकसारखा असतो. बघायचं ते असं. साईडच्या आतून, वळणाच्या जवळ, गोल फिरत गेलेला एखादा पट्टा आहे का? त्या पट्ट्यात थर सुरकुतलेला, खरखरीत, चोळवटलेला आहे का? टायर आपटल्यावर आतून काळी रबराची पूड पडते का? यातलं एक जरी असेल तर तो टायर हवा नसताना चाललेला आहे. चालकाला पंक्चर कळलं नाही, किंवा कळूनही तो "पुढच्या गावापर्यंत" म्हणून रेटत गेला. तेवढ्या अंतरात साईड रिम आणि रस्ता यांच्यामध्ये घडी होऊन भरडली जाते आणि धागे तापून तुटतात. नंतर पंक्चर काढलं, हवा भरली, की टायर तीस पौंड धरतो. चार दिवस हवा उतरत नाही. म्हणूनच माणूस फसतो.

भाच्याच्या टायरमध्ये बॅटरी मारली. एका बाजूला, दोन बोटं रुंदीचा पट्टा पाऊण चक्कर गेलेला. तिथला थर म्हाताऱ्या हाताच्या कातडीसारखा चुरगळलेला. मी टायर उभा करून फरशीवर दोनदा आपटला. फरशीवर चिमूटभर काळी पूड पडली. ती बोटावर घेऊन त्याच्या हातावर ठेवली. तो काही बोलला नाही.

ट्रकवाल्यांसाठी इथं एक वेगळी सूचना. ट्रकच्या रेडियल टायरच्या साईडमध्येही पोलादी तारा असतात. असा टायर हवेविना चालला असेल तर हवा भरताना तारा एकेक करून तुटतात आणि साईड चेन उघडावी तशी फाटते. जवळ उभा असलेला माणूस वाचणं कठीण. हवा भरताना कटकट, टकटक असा आवाज आला की हात लावायला जाऊ नका, लांब व्हा आणि शक्य असेल तर लांबूनच हवेचा पुरवठा बंद करा. भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवलेला असावा, नळी लांब असावी आणि माणूस साईडच्या समोर नसावा.

चाकावर चढवल्यावर

आतून-बाहेरून पास झालेला टायर रिमवर चढवला, हवा भरली, की साबणाचं पाणी लावा: पॅचवर, व्हॉल्व्हवर, दोन्ही बीडच्या कडेला. बुडबुडे आले तर गळती. मग खडूची परीक्षा. सपाट जागी गाडी जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडीखाली कुणी जाऊ नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक उचललं तर गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक वर; मागचं उचललं तर हँडब्रेक खाली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. विटेवर हात टेकवून खडू नक्षीपासून केसभर अंतरावर धरा आणि चाक हळू फिरवा. खडू सगळीकडं सारखा लागला किंवा कुठंच लागला नाही तर टायर गोल आहे. एकाच जागी लागला तर तिथं उंचवटा आहे. मग खडू रिमच्या कडेला धरून तसंच फिरवा. रिम सरळ आणि टायरच उंच असेल तर आतला तारांचा पट्टा सुटायला लागलाय. गाडी चालवताना याचीच खूण म्हणजे कमी वेगात गाडी लंगडल्यासारखी चालते, स्टिअरिंग डावी-उजवीकडं डुलतं, आणि बॅलन्सिंग करूनही ते जात नाही.

माप आणि वजनाचा आकडा जुळतो का तेही बघा. १६५/८० आर १४ पुढं ८५ टी लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे त्या टायरची क्षमता ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. गाडीला जो आकडा सांगितलाय त्याहून कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला म्हणून बसवू नका. एका अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. चारांपैकी दोन चांगले टायर मागं घाला. लोक उलट करतात, पण ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि नवख्या चालकाला ती आवरत नाही.

हवेबद्दल एक गैरसमज जिवावर उठतो: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. अगदी उलट आहे. हवा कमी असली की साईड जास्त वाकते, वाकली की तापते, आणि आधीच दुखावलेले धागे तापले की सुटतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच, सकाळी टायर थंड असताना भरा. नायट्रोजन भरला म्हणून बिघडलेला टायर सुरक्षित होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. समृद्धीवर जाणार असाल तर हे सगळं आदल्या दिवशी करा. ७०१ किलोमीटरचा काँक्रीट रस्ता, कारला ताशी १२० ची मुभा, आणि तासन्‌तास एकच वेग. गावातल्या गावात वर्षभर निभावलेला दुबळा टायर तिथं तासाभरात उघडा पडतो.

वाटेत लक्षात आलं तर

नक्षीत खिळा दिसला आणि हवा उतरत नसेल तर तिथं तो उपसू नका. खिळाच भोक बुजवून बसलेला असतो. हवा बघा, सावकाश दुकान गाठा. फुगा, उघडे धागे किंवा तार दिसली तर मात्र स्टेपनी लावा, आणि स्टेपनी नसेल तर गाडी तिथंच उभी करून माणूस बोलवा. "हळू नेतो" हा उपाय मी कुणालाच सांगत नाही. आणि गाडी चालताना टायर फुटलाच तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, पाय अॅक्सिलरेटरवरून हळूहळू काढा, गाडी आपोआप मंद झाली की मग कडेला घ्या.

भाच्यानं शेवटी माझ्याकडचा २०२३ चा, ६ मिलिमीटर नक्षीचा जुना टायर नेला. हप्त्यानं देतोय पैसे. त्याचा तो अकराशेचा टायर परत गोडाऊनला द्यायचा म्हणत होता. मी नको म्हटलं. परत गेला तर पुन्हा पॉलिश होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागेल. ग्राइंडर घेऊन दोन्ही साईडना हातभर काप दिला, बीडची तारही तोडली, आणि भंगारच्या ढिगावर टाकला. बाद टायर तुम्हीही असाच कापून टाका. भंगारवाला यायला उशीर होणार असेल तर पत्र्याखाली ठेवा, उघड्यावर त्यात पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास होतात.